हिरवा गालिचा, होम डिलिव्हरी!

रो-हाऊसपुढचं अंगण असो की ग्राउंड फ्लोअरच्या फ्लॅटमागचा चिमुकला तुकडा, नव्या घराच्या स्वप्नात लॉन असतंच असतं. ते उगवायची वाट पाहायची, की सरळ आणून अंथरायचं? कार्पेट लॉनचे फायदे, त्याची गणितं आणि त्यातल्या खाचाखोचा...

आपल्या पिढीवर 'इन्स्टण्ट'चा शिक्का कधीच बसलाय. इडलीचं पीठ पाकिटातलं, पुरणपोळ्या ऑर्डर केलेल्या, कोथिंबीर दहा मिनिटांत दारात. त्यामुळे 'आपण रेडिमेड लॉन टाकतोय' असं मी जाहीर केलं तेव्हा घरातल्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, आता गवतसुद्धा? सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या हिशोबात गवत विकत घ्यायचं ते फक्त म्हशीसाठी. 'अगं, पैसं देऊन गवात आणनार? आमच्याकडं ते काढायला पैसं देत्यात!'

मुद्दा बिनतोड होता. पण मंडळी, त्याला उत्तर आहे. कार्पेट लॉन हा आळशी माणसाचा शॉर्टकट नाही. गवताच्या आयुष्यातले सगळ्यात नाजूक तीन-चार महिने असतात. ते महिने तुमच्यासाठी दुसरं कुणीतरी, स्वतःच्या शेतात, काढतं आणि तुम्ही त्याचे पैसे मोजता. एवढाच तो सौदा. तो फायद्याचा कधी आणि तोट्याचा कधी, हे कळलं की अर्धी लढाई जिंकली!

अंगण नव्हे, डेब्रिजचा डोंगर

आमच्या घराचं पझेशन मिळालं थंडीच्या शेवटी. ग्राउंड फ्लोअर, मागे चारशे स्क्वेअर फुटांची 'प्रायव्हेट गार्डन'. ब्रोशरमध्ये तिथे हिरवळीवर खुर्च्या टाकून एक हसरं कुटुंब चहा पीत होतं. प्रत्यक्षात तिथे मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे वाळलेले गोळे, टाइल्सच्या धारदार कपच्या आणि वरून जेमतेम दोन बोटं लाल मातीचा मेकअप. बिल्डरचं नाव घेत नाही, कारण नव्या बांधकामांपाशी थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसतं.

त्यात आमची लेक अकरा महिन्यांची. नुकतीच रांगायला लागलेली, आणि दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयात. शिवाय अंगणाचा उतार बरोब्बर उलटा, म्हणजे हॉलच्या स्लायडिंग दाराकडे. वळवाची एक सर आली आणि दाराच्या खाचेत चिखलाचा थर बसला. जूनमध्ये काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. हातात उरले होते जेमतेम अडीच महिने. आम्हा दोघांच्याही नोकऱ्या हिंजवडीत. म्हणजे बागेसाठी वेळ किती, तर शनिवारची सकाळ, तीही डोळे उघडले तर!

कार्पेट म्हणजे नक्की काय?

आधी एक खुलासा. हल्ली 'कार्पेट लॉन' म्हटलं की काही दुकानदार प्लास्टिकचं गवत दाखवतात. आपण बोलतोय ते जिवंत गवताबद्दल. परदेशात त्याला 'सॉड' किंवा 'टर्फ' म्हणतात. शेतात गवत लावायचं, पाणी-खत घालून, कापून-कापून दाट करायचं. मुळ्यांची जाळी घट्ट विणली गेली की इंचभर मातीसकट त्याचे तुकडे नाहीतर गुंडाळ्या कापायच्या. आपल्याकडे बहुतेक वेळा फूट बाय फूट किंवा फूट बाय दोन फुटांचे तुकडे मिळतात. काही ठिकाणी खाली प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर मातीचा पातळ थर देऊन गवत वाढवतात. मुळ्यांना खाली जायला वाव नसतो, त्या आडव्या पसरतात आणि तुकडा अख्खा उचलता येतो.

पुणेकरांसाठी याचं माहेरघर सोलापूर रोड. लोणी काळभोरच्या पुढे उरुळी कांचन, सोरतापवाडी हा पट्टा नर्सऱ्यांनीच ओळखला जातो. एखाद्या रविवारी गाडी काढून जरूर जा. झाडं घ्यायची नसली तरी नुसतं हिंडायला मस्त!

आणि गवताचं स्थलांतर हा प्रकार फक्त बंगलेवाल्यांचा नाही. १९९४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या पॉन्टिअ‍ॅक सिल्व्हरडोम या छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये मॅचेस होत्या. गवत आत वाढणं शक्यच नव्हतं. तेव्हा मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या तज्ज्ञांनी षटकोनी ट्रेमध्ये बाहेर गवत वाढवलं, ते ट्रे आत आणून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकमेकांना जोडले आणि त्यावर वर्ल्ड कप खेळला गेला. तिथे बूट घातलेले बावीस जण धावले. आपल्याकडे रांगणार होती एक!

बी, मुळ्या की गालिचा?

लॉन करायच्या आपल्याकडे मुख्य वाटा तीन. पहिली, बी पेरणं. ऐकायला सोपी, स्वस्त. लंडनला विम्बल्डनची कोर्ट्स दर वर्षी स्पर्धेनंतर बी पेरूनच नव्याने तयार करतात. २००१ पासून तिथे शंभर टक्के रायग्रास आहे आणि स्पर्धेच्या वेळी ते ८ मिलिमीटरवर कापलेलं असतं. पण ते गवत थंड हवेचं. आपल्या उन्हात चालतं ते हरळीच्या कुळातलं. हो, तीच हरळी, जिच्या कोवळ्या तुऱ्यांना आपण दूर्वा म्हणतो आणि बाप्पाला एकवीसच्या जुड्या वाहतो. जग तिला बर्म्युडा ग्रास म्हणून ओळखतं. तिचं बी खसखशीहून बारीक. निम्मं मुंग्या नेतात, उरलेलं पहिल्या जोरदार सरीत कोपऱ्यात जाऊन बसतं. शिवाय गोल्फ कोर्सवर दिसणाऱ्या बर्म्युडाच्या बऱ्याच संकरित जातींना बीच धरत नाही. त्या लावायच्या तर मुळ्यांनी नाहीतर तुकड्यांनीच.

दुसरी वाट डिबलिंगची. गवताच्या मुळ्या-कांड्या तोडून तीन-चार इंचांवर टोचत जायचं. आपल्याकडची जुनी, खात्रीची पद्धत. खर्च कार्पेटच्या मानाने अगदी कमी. पण जमीन पूर्ण झाकायला तीन ते चार महिने लागतात आणि तेवढे दिवस मधली माती उघडी राहते. ज्याच्याकडे वेळ, माळी आणि संयम आहे त्याने खुशाल हाच मार्ग घ्यावा. गवत पुढे तितकंच सुंदर होतं.

तिसरी वाट कार्पेटची. आमच्या बाबतीत प्रश्न एकाच गोष्टीवर सुटला. जून आमच्यासाठी थांबणार नव्हता.

फायदे? हे घ्या!

चिखलाला ब्रेक: पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळला की मातीचे कण सुटतात, उडतात आणि पाण्याबरोबर वाहतात. भिंतींवरचे लाल शिंतोडे त्याचेच. दाट गवतावर तोच थेंब पात्यांवर फुटतो आणि हळूहळू खाली उतरतो. डिबलिंग केलेल्या जमिनीला हे छत्र मिळायला एक अख्खा पावसाळा जातो. कार्पेटला ते पहिल्या दिवसापासून असतं. उतारावरच्या बंगल्यांसाठी हा फायदा सगळ्यात मोठा.

तणांना जागाच नाही: मातीत तणांच्या बिया पडलेल्याच असतात. त्यातल्या बऱ्याच बारीक बियांना उगवायला उजेड लागतो. त्यांच्या डोक्यावर गवताची सलग चादर आली की उजेड बंद, उगवण बंद. डिबलिंगच्या लॉनमध्ये पहिले तीन महिने खुरपं हातातून सुटत नाही. इथे खुरप्याला बरीच सुट्टी.

जे दिसतं तेच मिळतं: कोणती जात, किती दाट, रंग कसा, रोग आहे का, हे सगळं पैसे देण्याआधी डोळ्यांनी पाहता येतं. तुकड्याचा एक कोपरा धरून उचला. अख्खा उचलला गेला तर मुळ्या विणलेल्या आहेत. हातात फक्त पाती आली तर हसून पुढच्या नर्सरीकडे वळा.

जागा लवकर हाती येते: गरम, दमट हवेत दोनेक आठवड्यांत मुळ्या खालच्या जमिनीत शिरतात. महिन्याभरात बिनधास्त चटई टाका. नोकरी करणाऱ्या जोडप्यासाठी दोन-तीन आठवड्यांची धावपळ परवडते, चार महिन्यांची नाही.

आणि हो, गारवा. गवत पानांतून पाणी बाहेर टाकतं आणि त्यामुळे आसपासची हवा निवते. फरशी तापते, प्लास्टिकचं गवत तर एप्रिलच्या दुपारी असं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही. रांगणाऱ्या बाळासाठी तो पर्याय आमच्या घरात पाच मिनिटांत बाद झाला.

सोसायटीची मीटिंग आणि पाण्याचं गणित

आता या गोष्टीतला कळीचा मुद्दा. पाणी! आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर सुरू होतात. मीटिंगमध्ये लॉनचा विषय निघाला तशी तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी थेट विचारलं, 'आम्ही बादल्या भरून ठेवायच्या आणि तुम्ही गवत भिजवायचं?' प्रश्नाला धार होती, पण तो रास्त होता. उत्तर द्यायचं तर हिशोब करायला हवा. आम्ही तो केला.

गणित सोपं आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवंगार राहायचं तर आपल्याकडच्या लॉनला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. चारशे स्क्वेअर फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. म्हणजे रोज सुमारे १८५ लिटर. आता शहरांतल्या पाणीपुरवठ्यासाठी आपल्या देशात माणशी दिवसाला १३५ लिटरचा निकष धरतात. म्हणजे आमचं अख्खं लॉन हा घरातला एक जादा मेंबर झाला असता, आणि तोही जरा उधळ्या!

मग आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, लॉन फक्त अडीचशे स्क्वेअर फूट. म्हणजे २३ चौरस मीटर, रोजचा खर्च ११५ लिटरच्या आसपास. उरलेल्या दीडशे फुटांत पायवाट आणि सासूबाईंचा वाफा. त्यांनी तिथे कोथिंबीर, मेथी आणि अळू लावून गवतवाल्यांना लगेच ओव्हरटेक केलं, हा भाग वेगळा. दुसरी, या पाण्यासाठी नळाला हात लावायचा नाही. आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आहे. त्याचं प्रक्रिया केलेलं पाणी बागेलाच जातं. ते लेक झोपल्यावर, रात्री देतो आणि सकाळी ऊन पडून गवत सुकल्याशिवाय तिला तिथे सोडत नाही.

तिसरी गोष्ट जातीची. आम्ही बर्म्युडाच्या कुळातलं, नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून मिळणारं गवत निवडलं. पाणी तोडलं की ही हरळी पिवळी पडते, पण मरत नाही. झोपते. पहिल्या पावसाला पुन्हा जागी होते. मराठीत चिवट माणसाला हरळीची उपमा देतात ती उगाच नाही. तेव्हा मीटिंगमध्ये आम्ही लेखी दिलं की टँकरची संख्या वाढली तर आमचं लॉन मे महिन्यात पिवळं राहील. काकूंनी मान डोलावली. त्यानंतरचे उन्हाळे आम्ही पिवळ्या लॉनसोबतच काढलेत आणि दर जूनमध्ये ते परत आलंय.

खरा खेळ गालिच्याखाली

कार्पेटबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे 'टाकलं की झालं'. आमचे मालीकाका, ज्यांनी आयुष्यभर लोकांची लॉन्स केलीत, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, 'ताई, वरचं गवत मी आणून देतो. खालची जमीन तुमची. ती नीट नसंल तर गवत मला शिव्या देईल आन् तुमी पण.'

इंचभर मातीसकट आलेल्या गवताला शेवटी मुळ्या खालीच सोडायच्या असतात. खाली सिमेंटचे गोळे असतील तर ते तिथेच थांबतं. चार महिन्यांत पिवळे पट्टे पडतात आणि लोक म्हणतात, कार्पेट लॉन टिकत नाही. म्हणून एप्रिलमध्ये आम्ही नऊ इंच खोल खणून सगळं डेब्रिज बाहेर काढलं. हा खर्च आणि कष्ट गवताच्या खर्चापेक्षा जास्त वाटले तरी इथे काटकसर नको. मग चांगली पोयट्याची माती, त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. 'पूर्ण कुजलेलं' या दोन शब्दांखाली रेघ मारा. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात, त्या गवताच्या मुळ्या आतून कुरतडतात आणि मग लॉन खरोखरच कार्पेटसारखं गुंडाळता येतं!

त्यानंतर उतार. घरापासून बाहेरच्या बाजूला, दर दहा फुटांना साधारण सव्वा इंच. डोळ्यांना दिसतही नाही, पण पाण्याला समजतो. मातीची पातळी पायवाटेपेक्षा इंचभर खाली ठेवली, म्हणजे वर गवत आल्यावर दोन्ही सपाट. रोलर फिरवला, भरपूर पाणी मारलं आणि मग चक्क दोन आठवडे काहीच केलं नाही. हे 'काहीच न करणं' फार महत्त्वाचं. दबायची ती माती दबते आणि उगवायची ती तणं उगवून वर येतात.

आमच्याकडे वर आला लव्हाळा. तुकोबांनी ज्याच्या नम्रपणाचं कौतुक केलं तोच. पुरात वाचणारा हा गडी खुरप्याला काय दाद देणार? त्याच्या गाठी जमिनीत एकीला एक जोडलेल्या असतात. वरून उपटला तर खालून पुन्हा हजर. बियांतून येणाऱ्या तणांना कार्पेट अडवतं, लव्हाळ्याला नाही. तो गालिचा भोसकून वर येतो. म्हणून तो गाठींसकट, कुदळीने खणून, आधीच काढायचा. आमचे दोन शनिवार त्यात गेले.

टाकण्याचा दिवस

वेळ कोणती? जूनमधले पहिले चांगले पाऊस झाले, हवा निवली की बेस्ट. पुण्यात साधारण जूनचा दुसरा आठवडा. एप्रिल-मेमध्ये टाकलं तर पाणी पुरवून दमायला होतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, हरळीची वाढ मंदावते आणि मुळ्या धरायला वेळ लागतो.

कापलेलं गवत हे ताज्या भाजीसारखं समजा. शक्यतो चोवीस तासांत जमिनीवर जायला हवं. ढीग करून ठेवलं की आतून तापतं, पिवळं पडतं. आमच्याकडे आलेला पहिला टेम्पो असाच. वरचे तुकडे हिरवेगार, ढिगात हात घातला तर आत चक्क गरम आणि वास येणारे. माल दोन-तीन दिवसांपूर्वी कापलेला होता, हे ड्रायव्हरनेच कबूल केलं. टेम्पो तसाच परत पाठवला. त्या नर्सरीचं नाव नको, पण धडा सगळ्यांसाठी. गाडी रिकामी करण्याआधी ढिगाच्या पोटात हात घाला! दुसऱ्या नर्सरीचा माल पहाटे कापून सकाळी नऊला दारात होता.

टाकायची पद्धत विटांच्या बांधकामासारखी. एका सरळ कडेला दोरी बांधून पहिली ओळ, दुसरी ओळ अर्ध्या तुकड्याने पुढे, म्हणजे सांधे एका रेषेत येत नाहीत आणि पाणी त्यांतून पन्हाळीसारखं वाहत नाही. तुकडे एकमेकांना खेटून, पण एकावर एक नको. फटींत चाळलेली माती. वरून धुम्मसाने हलकेच ठोकायचं, म्हणजे खाली हवेची पोकळी राहत नाही. मूळ हवेत लोंबकळलं की सुकलं. तुडवायचं नाही म्हणून काम फळीवर बसून. आणि पाणी शेवटी एकदम नाही, तर एक भाग टाकून झाला की लगेच. अडीचशे फूट, तीन माणसं, दुपारच्या जेवणाआधी काम फत्ते. मालाची ऑर्डर देताना पाच टक्के जादा सांगा, कडेला कापाकापीत जातोच.

पहिले पंधरा दिवस

यालाच मी गालिच्याचं बाळंतपण म्हणते. पाऊस नसेल त्या दिवशी दोन-तीन वेळा हलकं पाणी. तुकडा आणि खालची माती यांच्यामधला थर सुकता कामा नये. पाऊस असेल तर पाणी बंद, फक्त कुठे साचतंय का ते बघायचं. आठवड्यानंतर एखादा कोपरा अलगद उचलून पाहा. सहज उचलला जात असेल तर मुळ्या अजून आल्या नाहीत. त्याने प्रतिकार केला, की समजा गवताने घर स्वीकारलं. तिथून पुढे पाणी देण्याच्या वेळा कमी करत जायच्या आणि प्रत्येक वेळी जास्त पाणी द्यायचं. पाणी खोल गेलं की मुळ्याही खोल जातात. रोज वरवर शिंपडलं की त्या वरच राहतात आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात लॉन गुडघे टेकतं.

या काळात पाऊल नको. नवऱ्याने खास पुणेरी पाटी लावली, 'नवीन लॉन आहे. पाय ठेवू नये. कधी ठेवता येईल हेही विचारू नये.' लेकीला ती वाचता येत नसल्यामुळे तिच्यासाठी स्लायडिंग दाराला कडी!

पहिली कापणी मुळ्या पक्क्या धरल्यावरच. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. त्याहून जास्त पानं गेली की गवताचं स्वयंपाकघरच बंद पडतं. छोट्या लॉनला हाताने ढकलायचं मशीन पुरतं, आणि आठवड्याला वीस मिनिटांचा व्यायाम फ्री.

कुणी टाकू नये?

खरं सांगायचं तर कार्पेट लॉन सगळ्यांसाठी नाही. बर्म्युडाला दिवसाला किमान सहा तास ऊन हवं. उंच टॉवर्सच्या मधल्या सावलीत ते विरळ होत जातं, पैसे कितीही ओता. सावलीला रुंद पानांची गवतं जरा जास्त सोसतात. पण गर्द सावली असेल तर शोभेची झाडं आणि बसायला दगडी ओटा हे जास्त शहाणपणाचं. कोरियन लॉन मखमली, हळू वाढणारं, त्याला कापणी कमी. पण पुढे त्याचे उंचवटे होतात. बघायला झक्कास, मुलांच्या फुटबॉलला नाही.

टेरेस फ्लॅटवाल्यांनी तर कॅल्क्युलेटर घेऊनच बसा. वापरायच्या गच्चीसाठी आपल्याकडे सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो भार धरतात. सहा इंच ओल्या मातीचं वजन त्याच जागेत अडीचशे ते तीनशे किलो भरतं. माणसं, कुंड्या वेगळ्याच. म्हणजे 'थोडीशी माती टाकून घेऊ' हा निर्णय नर्सरीवाल्याचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. वॉटरप्रूफिंग आणि निचऱ्याची व्यवस्था त्याच्याही आधी. खाली राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या सीलिंगवर तुमच्या लॉनचा नकाशा उमटायला नको.

आणि तिसरा गट म्हणजे जून-जुलैमध्ये तीन आठवडे टूरवर जाणारे. त्यांनी आधी फिरून यावं, मग गवत आणावं. ऑगस्टही वाईट नाही.

जुलैत काय झालं?

आमच्या लॉनची परीक्षा पाचव्या आठवड्यात झाली. दोन दिवस, दोन रात्री धुवांधार पाऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणाच्या कडेच्या जाळीपाशी पाहिलं तर पाणी वाहत होतं, पण त्याचा रंग मातकट नव्हता. स्लायडिंग दाराची खाच कोरडी. वरचा पाऊस सगळ्यांसाठी सारखाच होता. शेजारच्या रिकाम्या, उघड्या तुकड्यातलं पाणी मात्र चहासारखं लाल होऊन गटारात चाललं होतं आणि त्याबरोबर विकत आणलेली मातीही. पाऊस उघडल्यावर लेकीला गवतावर सोडली. तिने आधी संशयाने हात वर उचलला, मग पुन्हा टेकवला आणि पाचव्या मिनिटाला गुडघे हिरवे करून मोकळी झाली.

कार्पेट लॉन टाकताना...

* आधी ऊन मोजा. सहा तास नसेल तर बेत बदला.
* हवं तेवढंच लॉन. चौरस मीटर गुणिले पाच, एवढे लिटर रोज उन्हाळ्यात कुठून येणार ते आधी ठरवा.
* नऊ इंच खणून डेब्रिज काढा, कुजलेलं खत घाला, घरापासून बाहेर उतार ठेवा.
* दोन आठवडे तणं उगवू द्या. लव्हाळा गाठींसकट काढा.
* माल ताजा कापलेला घ्या. ढिगात हात घालून पाहा.
* विटांसारखी रचना, फटींत माती, लगेच पाणी.
* दोन आठवडे पाणी सांभाळा, पावलं टाळा, कोपरा उचलून मुळ्या तपासा.

एवढं केलंत तर गालिचा तुमचाच. फक्त क्रम चुकवू नका. बाकी सगळं वाट पाहू शकतं, टेम्पोत भरलेलं गवत नाही. म्हणून आधी माती तयार करा, मग नर्सरीला फोन!